दोरीला पडलेला झोळ

१

सकाळचा चहा झाला की मी बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायचे आणि कपडे वाळत घालायचे. हे काम ताईनं मला दिलेलं नव्हतं, मीच घेतलं होतं. आयुष्यभर जमिनीचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात मान मोडून बसल्यावर माणसाला हात वर करून करायचं काम आवडायला लागतं.

दोरीचं एक टोक माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजाला आणि दुसरं समोरच्या, बागेच्या भिंतीतल्या हुकाला बांधलेलं. निळी नायलॉनची दोरी. मीच आणली, मीच ताणून बांधली. त्या दिवशी नेहमीसारखी ओली चादर टाकली, तर तिचं टोक खाली मातीला टेकलं. दोरीला झोळ पडला होता. नायलॉन सैल पडतं, त्यात काय एवढं, असं म्हणून मी गाठ सोडली, दोरी ओढली, पुन्हा बांधली आणि चादर परत धुवायला घेतली. वैतागले ते चादरीवरच.

२

घर ताईचं. घराच्या मागं लगेच चढ सुरू होतो. इतका लगेच की मागच्या दारात उभं राहून समोर बघितलं तर आधी माती दिसायची आणि मान वर केली की आभाळ. ती माती जरा पाणी पडलं की घसरत दारापर्यंत यायची. एक दिवस ताईचा फोन आला.

"चिमे, जन्मभर लोकांच्या जमिनींचे नकाशे काढलेस. आता माझ्या बागेचा काढ. आणि काढायला आलीस की राहाच."

साठीला आलेल्या बाईला चिमी म्हणणारं माणूस जगात एकच उरलेलं असलं, की त्याला नाही म्हणता येत नाही. मी भाड्याची जागा सोडली, सामान वाटून टाकलं आणि दोन बॅगा घेऊन इथं आले. परत जायला जागा ठेवली नाही. ताईकडे जाताना परतीचा विचार कशाला करायचा?

आमची आई सतत आजारी. मला वाढवलं ते ताईनं. आई दवाखान्यात असली की ताई तिची साडी माझ्या उशाशी ठेवायची. "वास ओळखीचा असला की पोर शांत राहतं," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा ती स्वतःच पोर होती. मला चालायलाही तिनंच शिकवलं. ते मला आठवत नाही, पण ताईनं ते इतक्यांदा करून दाखवलंय की आठवल्यासारखं वाटतं. खोलीच्या त्या टोकाला उकिडवं बसून दोन्ही हात पुढं करायचे आणि म्हणायचं, "ये, ये. हळू ये. घाबरू नकोस, मी आहे ना." त्याच आवाजात तिनं मला कडू औषधं पाजली, सायकलवर बसवलं आणि पहिल्या नोकरीला जाताना दारापर्यंत सोडलं. तो आवाज ऐकला की माझे पाय मला न विचारता निघतात.

तर बाग. उतारावर एकच उंच भिंत उभी करण्यापेक्षा तीन बुटक्या भिंती बऱ्या. मातीचा भार वाटला जातो आणि आयते तीन टप्पे मिळतात. वरच्या टप्प्यावर लिंबू आणि पेरू, मधल्यावर भाज्या नि पुदिना, खालच्यावर फुलझाडं. कडेनं वाळा लावायचा म्हणजे मुळं माती धरून ठेवतात. भिंतींच्या खालच्या अंगाला पाइपचे तुकडे बसवून भोकं ठेवायची, म्हणजे मागं साठलेलं पाणी बाहेर पडतं. बाजूनं पायऱ्या. सगळ्यांत खाली, भिंत आणि घर यांच्यामध्ये, एक बाक आणि कपडे वाळवायला ऐसपैस मोकळी जागा. नकाशा बघून ताई खूश झाली. तिनं एकच बदल सुचवला. खालची भिंत उंच हवी, माझ्या खिडकीच्या चौकटीच्या वर जाईल एवढी. तीन बुटक्या भिंतींचं सगळं गणितच त्यानं बिघडत होतं. पण म्हटलं, घर तिचं, भिंत तिची.

खोलीही तिनंच दिली. "माझी खोली तू घे. तुझ्या हातची बाग आहे, तुला उशीवरून दिसू दे." स्वतः वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत गेली. गुडघे धरून बसणारी बाई जिना चढून झोपायला जाते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी म्हटलं तसं, तर म्हणाली, "चढल्यानं गुडघे मोकळे होतात." डॉक्टर तिला बरोबर उलटं सांगत होते, पण ताईपुढं डॉक्टर काय नि मी काय.

त्या खोलीत बागेकडच्या, जवळजवळ जमिनीपर्यंत आलेल्या खिडकीला अगदी टेकवून एक जड कपाट ठेवलेलं होतं. पहिल्याच दिवशी मी ते ढकलून बाजूला केलं. ताई दारात येऊन थांबली. जरा वेळ ती खिडकीकडे बघत राहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मला कधी जमलं नसतं."

मला वाटलं, गुडघ्यांमुळं.

३

झोळ पुन्हा पडला. मी ताणला. पुन्हा पडला. उन्हानं होत असेल, ओल्या कपड्यांच्या वजनानं होत असेल, गज वाकला असेल. गज तपासला, तर सरळ. हुक तपासला, तर घट्ट. हे सगळं मी शांतपणे केलं, कारण दोरीपायी डोकं फिरवून घेणाऱ्यांतली मी नाही.

मग काही सकाळी दोरी आपोआप ताठ मिळायला लागली. गाठ माझी नव्हती. माझी गाठ साधी, एकावर एक. ही दुहेरी फासाची होती, ताई माझ्या वेण्यांच्या रिबिनी बांधायची तशी. मला बरं वाटलं. बोलून न दाखवता करते, तिचा स्वभावच तो, असं वाटून मी त्या दिवशी तिला आलं जास्त घालून चहा दिला.

त्याच सुमाराला कपडे जायला लागले. एक ओढणी, एक उशीचा अभ्रा, माझा जुना घरात घालायचा गाऊन. वाऱ्यानं गेले असतील म्हणून मी तिन्ही टप्पे पालथे घातले. गंमत म्हणजे ताईचा एकही कपडा उडाला नाही. "तुझे कपडे हलके," ती म्हणाली. तिची सुती पातळं काय जड होती? पण मी हसले आणि विषय सोडला.

खोली अंधारायला लागली होती. आले तेव्हा दुपारी वाचायला दिवा लागत नव्हता, आता लागायचा. आणि दुपारच्या शांततेत कधी कधी एक आवाज यायचा. शेजारच्या घरात कुणीतरी जड कपाट सरकवतंय, कुणाची झोप मोडू नये म्हणून जपून, असा. आमच्या त्या बाजूला शेजार नाही. तिथं फक्त बाग आहे.

४

एक दिवस बाक आणि भिंत यांच्यामधून बादली घेऊन जाताना बादली भिंतीला घासली. या वाटेनं मी रोज जात होते. बादली तीच, मीही काही एवढी सुटले नव्हते.

मी गवंड्याला फोन केला. ताई दातांच्या डॉक्टरकडे जाणार होती ती दुपार मी निवडली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गवंडी हसतमुख माणूस, काम करताना सतत काहीतरी चघळणारा. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, भिंत चालवणारे केव्हाच होऊन गेले. आमच्यासारख्यांची भिंत जागच्या जागी उभी राहिली तरी पुष्कळ."

त्यानं ओळंबा सोडला. दोरा भिंतीला समांतर, केसाचा फरक नाही.

"बघा. भिंत पुढं यायची तर आधी पोट काढते, मग तडकते, मग झुकते. हिला झालंय काय? नवरीसारखी उभी आहे."

"मग मधलं अंतर कमी कसं झालं?"

"अंतर तुम्ही मनात धरलेलं असतं."

"मी नकाशात धरलंय," मी म्हटलं आणि टेप लावून दाखवली.

त्यानं टेप बघितली, नकाशा बघितला, परत टेप बघितली. "मग नकाशा चुकलाय," असं म्हणून मोकळा झाला. माझा संताप झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण खरं सांगायचं तर मला तेच ऐकायला हवं होतं. नकाशा चुकला असता तर मी आनंदानं चूक कबूल केली असती.

"बरं, ही भोकं कोरडी कशी?" मी विचारलं. "वर रोज पाणी घालतो आम्ही. एक थेंब बाहेर येत नाही."

"मागं खडी भरलेली असती तर पाण्याला वाट मिळाली असती."

"असती म्हणजे?"

तो चघळायचा थांबला. "मोठ्या बाई नको म्हणाल्या. मागं मोकळीच जागा ठेव म्हणाल्या, माणूस उभा राहील एवढी. वरून लाद्या टाकून माती पसरली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. नकाशा तुमचाच ना?"

त्यानं सहज एका भोकावर तळहात ठेवला आणि लगेच काढला. पँटला पुसला.

"वारा येतोय आतून," तो म्हणाला. "गरम आहे. सगळीकडून बंद केलेलं आहे हो ते." मग त्याला एकदम दुसरं काम आठवलं. ओळंबा तिथंच लटकत ठेवून गेला आणि तो न्यायला परत कधी आला नाही.

५

संध्याकाळी जेवताना मी ताईला विचारलं. अगदी सहज, भाजी वाढता वाढता.

"भिंतीमागं खडी का नाही भरू दिलीस?"

"कशाला उगाच दगडधोंडे," ती म्हणाली. "बागेला श्वास घ्यायला जागा नको?"

"ताई, ती भिंत पुढं येतेय."

तिनं घास खाली ठेवला नाही. मी बघत होते. आश्चर्य वाटलेला माणूस क्षणभर तरी थांबतो. ती नीट चावत राहिली, गिळलं, पाणी प्यायली.

"चिमे, नवी जागा आहे. डोळे तपासून घे एकदा." मग माझ्या हातावर हात ठेवला. "बाग म्हणजे लहान पोरासारखी असते बघ. एकदा लळा लागला की पाठ सोडत नाही. सारखं लक्ष मागते. मी फार वर्षं केलं. आता माझ्याच्यानं होत नाही गं. तू आलीस, मी सुटले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तर मी तिच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊनही आले. नजर ठणठणीत निघाली.

परत आले ती थेट मधल्या टप्प्यावर गेले. टोमॅटो वाढले होते, त्यांना काठ्यांचा आधार द्यायचा होता. बघते तर ताईनं ते आधीच केलं होतं. प्रत्येक रोप काठीला नीट बांधलेलं. दुहेरी फासाची गाठ. निळी नायलॉनची दोरी.

मी वरच्या टप्प्यावर गेले. लिंबाच्या रोपाला निळी दोरी. पेरूला निळी दोरी. जाईचा वेल तारेला जागोजागी निळ्या दोरीनं बांधलेला. बोटाएवढे तुकडे, वीतभर तुकडे, हातभर तुकडे. सगळी बाग माझ्या दोरीनं बांधलेली होती. झोळ पडला की ती माझ्याआधी उठायची, वाढलेली दोरी कापायची, पुन्हा ताणून बांधायची आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून झाडांना लावायची. टाकाऊतून टिकाऊ. ती लपवतसुद्धा नव्हती. आपली चिमी बघेल, पण जोडणार नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

मी लिंबाजवळ खाली बसले. भीती नंतर वाटली. आधी वाईट वाटलं, फार वाईट. जिच्या जिवावर मी घरदार सोडून आले, तिनं माझा गळा केसानं कापला होता. भिंत येते हे तिला ठाऊक होतं. मला कळू नये म्हणून तिनं रोज सकाळी, दुखऱ्या गुडघ्यांनी, माझ्यासाठी एवढी मेहनत घेतली होती.

६

रडून झाल्यावर मी खाली आले. बॅग भरायची आणि निघायचं, कुठं ते नंतर बघू, असं ठरवलं होतं. सकाळी डॉक्टरकडे जायच्या आधी वाळत घातलेले कपडे दोरीवर होते. एक चादर सावलीत अजून ओलीच होती. ती जमिनीपासून जेमतेम वर होती.

बाकापाशी आता अंग तिरकं करूनच जाता येत होतं. जाताना माझी नजर भिंतीतल्या एका भोकाकडे गेली. आतून काहीतरी फिकट गुलाबी दिसत होतं. मी वाकले. कापड होतं.

दोन बोटं घालून टोक धरलं आणि ओढलं. वीतभर बाहेर आलं. माझी ओढणी. मळलेली, चुरगळलेली. एक कोपरा चघळल्यासारखा ओला आणि मऊ. पुढच्या भोकात गाऊनची बाही दिसत होती. त्याच्या पुढच्यात अभ्रा. कुणी कोंबलेले नव्हते, नीट घडी करून आत सरकवले होते. मला आईची साडी आठवली. वास ओळखीचा असला की पोर शांत राहतं.

मी ओढणी आणखी ओढली, आणि ती आतून ओढली गेली.

हिसका नव्हता. हिसका असता तर मी किंचाळून पळाले असते. ती अगदी हळू ओढली गेली. लहान मूल आईचा पदर धरून, जाऊ नकोस म्हणून ओढतं तशी. मी सोडलं नाही. का सोडलं नाही, कोण जाणे. माझ्या मुठीत ओढणीचं एक टोक आणि भोकाच्या आत, अंधारात, दुसऱ्या टोकाला काहीतरी. पाइपच्या कडेवर क्षणभर ते दिसलं. ते बोट होतं असं मी म्हणणार नाही, कारण बोटाला नख असतं. मी मूठ उघडली. ओढणी सरसर आत गेली. आतून एक गरम उसासा बाहेर आला, माझ्या चेहऱ्यावर.

तो आवाज सुरू झाला. जड कपाट जपून सरकवल्याचा. या वेळी तो खिडकीतून येत नव्हता. तो माझ्या तळपायांतून येत होता.

७

मी भिंतीकडे पाठ केली आणि घराकडे तोंड केलं.

माझ्या खोलीची खिडकी उघडी होती. ताई आत होती. माझ्या पलंगाच्या कडेला, जमिनीवर, उकिडवी बसलेली. जिला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात ती. खिडकीच्या गजांतून तिनं दोन्ही हात बाहेर काढले होते, तळवे वर, बोटं किंचित हलणारी. चेहऱ्यावर असं हसू की मी लहानपणानंतर ते बघितलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "ये, ये."

माझ्या घशातून हुंदका बाहेर आला. मला वाटलं, तिला पश्चात्ताप झाला. मला वाटलं, ती मला वाचवायला आली. इतकं सगळं कळल्यावरही माझा उजवा पाय उचलला गेला, मला न विचारता. मी दोन्ही हात तिच्याकडे केले.

"हळू ये," ताई म्हणाली. "पडशील."

तेव्हा मला दिसलं की ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून, माझ्या मागं बघत होती. वर, भिंतीच्या माथ्याच्याही वर. एखाद्या उंच वाढलेल्या मुलाकडे बघावं तशी तिची मान हळूहळू आणखी वर होत होती.

"ताई," मी म्हटलं. "ताई, मी इथं आहे."

"घाबरू नकोस," ती म्हणाली. त्याच आवाजात. तिच्याकडे दुसरा आवाज नव्हताच कधी. "घाबरू नकोस, बाळा. चिमी आहे ना."

मग तिनं हात गजांतून आत घेतले आणि खिडकी लावून घेतली. आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला.

माझ्या शेजारी, निळ्या दोरीवर, ओल्या चादरीचं टोक जमिनीला टेकलं.